कलिंगड तरंगतं, द्राक्ष बुडतं: रोजच्या तासात मुलांना विचार करायला कसं शिकवायचं?

‘समजलं का?’ असं बाईंनी विचारायचं आणि वर्गाने एका सुरात ‘होऽऽ’ म्हणायचं, हा आपल्या शाळांमधला रोजचा संवाद. त्या ‘हो’मध्ये समजलेली मुलं असतात, न समजलेली असतात आणि खिडकीबाहेर बघणारीही असतात. कोण कुठे आहे हे बाईंना कळायला मार्ग नसतो. सर्जनशील आणि चिकित्सक विचार वर्गात आणायचा असेल तर एवढं आधी मान्य करावं लागतं, की ज्या प्रश्नाला अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देऊ शकतो त्या प्रश्नाने कुणाच्याच डोक्याला काम दिलेलं नसतं.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हे सगळं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर ते पानोपानी आहे. प्रशिक्षणात बसून आपण ते ऐकतोही. पण परत शाळेत आल्यावर प्रश्न उरतो तो साधा असतो: सोमवारी तिसऱ्या तासाला मी नेमकं काय करू? हा लेख त्या तिसऱ्या तासासाठी आहे. तिसरी ते सातवीचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. यासाठी वेगळा तास, वेगळी कार्यपुस्तिका, विकतचं साहित्य यांची गरज नाही. शनिवारी दप्तराविना शाळा भरवून ‘सर्जनशीलता’ उरकायची आणि सोमवारपासून पुन्हा गाइडमधली उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची, याने काही साधत नाही. विचार करायला शिकवायचं ते चालू पाठातूनच. त्यासाठी बदलायच्या गोष्टी दोन: आपण विचारतो तो प्रश्न, आणि उत्तर आल्यावर आपण जे करतो ते.

पहिली पायरी: पाठातला एकच प्रश्न बदला

सगळा पाठ बदलायला जाऊ नका, दमून जाल. आदल्या दिवशी टाचण काढताना स्वाध्यायातला एक प्रश्न निवडा आणि तो असा फिरवा की उत्तर पुस्तकातून उचलता येणार नाही.

‘पाण्याचे उपयोग लिहा’ हा प्रश्न घ्या. पिणे, अंघोळ, शेती, कपडे धुणे. पहिलीपासून सातवीपर्यंत हेच उत्तर. त्याऐवजी विचारा: ‘उद्यापासून प्रत्येक घराला दिवसाला चारच हंडे पाणी मिळणार आहे. तुमच्या घरात कोणतं काम आधी बंद कराल? कोणतं शेवटपर्यंत चालू ठेवाल?’ मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांसाठी हा कल्पनेतला प्रश्न नाहीच. त्यांनी उन्हाळ्यात टँकरपाशी रांग लावलेली असते. ती मुलं या प्रश्नावर जे बोलतात ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. भांडी राखेने घासायची, अंघोळीचं पाणी झाडांना घालायचं, हे तर येतंच. पण ‘पाणी भरायला जातं कोण?’ हा प्रश्न एखादी मुलगी स्वतःहून काढते, आणि तिथून चर्चा पाण्यावरून घरातल्या कामाच्या वाटणीवर जाते. जाऊ द्या. नागरिकशास्त्राचा पाठ तिथेच होतो.

गणितात हे आणखी सोपं आहे. ‘लांबी 8 मीटर, रुंदी 4 मीटर, तर परिमिती किती?’ याचं उत्तर 24, विषय संपला. आता उलटं विचारा: ‘24 मीटर जाळी आहे. कोंबड्यांसाठी आयताकृती खुराडं करायचं आहे. कसं कराल?’ मुलं चौकटीच्या वहीत आयत काढू लागतात. 11 आणि 1, 10 आणि 2, 9 आणि 3, असं करत 6 आणि 6 पर्यंत येतात. परिमिती सगळ्यांची 24, पण आतली जागा 11 चौरस मीटरपासून 36 चौरस मीटरपर्यंत बदलते. जाळी तेवढीच असताना जागा बदलते, हे मुलांना खरंच वाटत नाही; पुन्हा पुन्हा मोजतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘बाई, घराच्या भिंतीला लावून केलं तर?’ नाहीच म्हणालं, तर पुढच्या तासाला तुम्ही हळूच भिंतीचा विषय काढा. एका बाजूला भिंत धरली की 12 आणि 6 चं खुराडं होतं आणि जागा 72 चौरस मीटर मिळते, आधीच्या सर्वांत मोठ्या जागेच्या बरोबर दुप्पट. क्षेत्रफळाचं सूत्र पाठ न करता ते का लागतं हे मुलांना कळतं. आणि भिंतीचा विचार करणारं मूल म्हणजे नेमकं आपल्याला हवं आहे ते मूल. दिलेल्या गोष्टींच्या बाहेर बघायची परवानगी त्याने स्वतःच घेतलेली असते.

भाषेच्या तासाला नव्या गोष्टीची गरज नाही. काऊ-चिऊची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला येते. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात आला, आणि ती म्हणाली, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ तिसरीच्या वर्गाला विचारा: चिमणीने दार लगेच उघडायला हवं होतं का? वर्गाच्या एका भिंतीला ‘हो’ वाली मुलं, दुसऱ्या भिंतीला ‘नाही’ वाली, ज्यांचं ठरत नाही ती मधे. प्रत्येक बाजूने एक कारण सांगायचं. समोरच्याचं कारण पटलं तर चालत जाऊन तिकडे उभं राहायचं. कारण पटून बाजू बदललेल्या मुलाचं वर्गासमोर मनापासून कौतुक करा, कारण मत बदलणं म्हणजे हरणं, हे मुलं घरातून, गल्लीतून आणि टीव्हीवरून शिकून आलेली असतात. मग पुढचा प्रश्न: हीच गोष्ट वैशाखात घडली असती तर? शेणाचं घर कडक वाळलेलं आणि मेणाचं वितळलेलं. आता चिमणी कावळ्याच्या दारात आहे. कावळा काय म्हणेल, ते लिहा. मुलांनी लिहिलेले हे संवाद जपून ठेवा. वार्षिक स्नेहसंमेलनाला नाटुकलं आयतं तयार होतं.

दुसरी पायरी: प्रश्न विचारल्यावर थांबा

ही पायरी ऐकायला सगळ्यात सोपी आणि करायला सगळ्यात अवघड. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षण अभ्यासिकेने वर्गांमधले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. 1970 च्या दशकात तिने मांडलेला निष्कर्ष आजही आपल्या वर्गांना तंतोतंत लागू पडतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात, नाहीतर स्वतःच उत्तर देतात. हा वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, ‘येत नाही’ म्हणणारी कमी होतात आणि मुलं स्वतः जास्त प्रश्न विचारू लागतात.

तीन सेकंद किती असतात हे एकदा घड्याळ लावून बघा. वर्गात ते फार लांब वाटतात. हात वर करून ‘बाई मी, बाई मी’ करणारी चार मुलं आपल्याला थांबू देत नाहीत. म्हणून नियम करा: विचाराच्या प्रश्नाला हात वर करायचा नाही. आधी मनात विचार, मग शेजारच्याला सांगायचं, मग वर्गाला. उत्तर कुणी द्यायचं ते तुम्ही ठरवा, नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून काढल्या तरी चालेल. मागच्या बाकावरची, कधीच न बोलणारी मुलगी शेजारणीला आधी सांगून बघते तेव्हा तिचं वाक्य एकदा बोलून झालेलं असतं. वर्गासमोर ते पुन्हा म्हणायला तिला तेवढी भीती वाटत नाही.

आणखी एक थांबणं आहे, उत्तर आल्यानंतरचं. बरोबर उत्तर आलं की आपल्या तोंडून ‘शाब्बास!’ निघून जातं. त्या एका शब्दाने बाकीच्या मुलांचा विचार तिथेच थांबतो. उत्तर मिळालं, आता कशाला डोकं चालवायचं? विचाराच्या प्रश्नापुरतं शाब्बास लांबवा. ‘अच्छा. अजून कुणाला वेगळं वाटतं?’ एवढंच म्हणा. चेहराही सपाट ठेवावा लागतो, कारण मुलं उत्तर वहीत शोधायच्या आधी बाईंच्या चेहऱ्यावर शोधतात.

इथे भाषेचा मुद्दा टाळून चालणार नाही. खानदेशात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या मुलाला ‘नीट मराठीत सांग’ म्हटलं की ते गप्प बसतं, आणि आपण समजतो त्याला काही सुचलंच नाही. शेजारच्याशी बोलताना घरची भाषा चालेल हे स्पष्ट सांगा. वर्गालाही ती ऐकू द्या. विचार बाहेर आल्यावर प्रमाण मराठीत मांडायला वर्गाने मिळून मदत करायची. आधी विचार, मग शुद्धलेखन. हा क्रम उलटा केला की दोन्ही जातात.

तिसरी पायरी: आधी ढीग, मग निवड

सर्जनशील विचार आणि चिकित्सक विचार ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच वेळी करायला लावली की दोन्ही बिघडतात. आधी मळणी, मग पाखडणी. खळ्यात धान्य पडायच्या आधीच सूप हातात घेतलं तर पाखडायचं काय?

म्हणून वेळ विभागून घ्या. पहिली पाच मिनिटं फक्त ढीग करायचा. ‘फुटलेल्या माठाचं काय काय करता येईल?’ ‘शाळेच्या पटांगणात पाणी साचतं, त्याचं काय करू या?’ जे येईल ते फळ्यावर लिहायचं. हसायचं नाही, ‘ए, असं थोडंच होतं’ म्हणायचं नाही, तुम्हीही नाही. सुरुवातीची सात-आठ उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात: माठात झाड लावू, पक्ष्यांना पाणी ठेवू. मग शांतता पसरते आणि वाटतं, संपलं. तिथे विषय आटोपता घेऊ नका. ‘अजून तीन हवेत’ असं म्हणा आणि थांबा. कुणाला न सुचलेली उत्तरं त्या शांततेनंतर येतात.

मग पाच मिनिटं निवड. इथे निकष मुलांना ठरवू द्या: खर्च किती, आपल्याला स्वतःला जमेल का, कुणाला त्रास होईल का. पटांगणातल्या पाण्याच्या प्रश्नात एखादा गट म्हणेल, चर खणून पाणी रस्त्यावर सोडू. दुसरा गट विचारेल, मग रस्त्यावरून येणाऱ्या पहिलीच्या मुलांचं काय? हे बोलणं सुरू झालं की तुम्ही बाजूला व्हा.

चौथी पायरी: ‘कशावरून?’

वर्गात एक शब्द रुजवायचा असेल तर हा. मात्र त्याचा सूर सांभाळा. आपल्याकडे ‘कशावरून?’ हे भांडणात, उलटतपासणीत म्हणतात. वर्गात तो चुकलेल्या आणि बरोबर अशा दोन्ही उत्तरांना सारखाच विचारायचा. फक्त चुकीच्या उत्तराला विचारलात तर दोन दिवसांत मुलांना कळतं की बाई ‘कशावरून’ म्हणाल्या म्हणजे आपलं चुकलं, आणि ती लगेच उत्तर बदलतात.

वर्गाला कारणाची गरज का आहे हे दाखवायला एक जुनी युक्ती आहे. फळ्यावर गंभीरपणे लिहा: ‘गोठ्यात 12 गाई आणि 15 म्हशी आहेत. तर गुराख्याचं वय किती?’ आणि सोडवायला सांगा. कितीतरी मुलं 12 आणि 15 मिळवून 27 लिहितात. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे असंच मेंढ्या-बोकडांचं गणित देऊन जहाजाच्या कप्तानाचं वय विचारलं होतं, तेव्हाही बहुतेक मुलांनी बेरीज-वजाबाकी करून वय काढलं होतं. मुलं मठ्ठ म्हणून असं करत नाहीत. गणितात दिलेले आकडे वापरायचे असतात आणि बाईंच्या प्रश्नाला उत्तर असतंच, हे शाळेनेच त्यांना शिकवलेलं असतं. हे गणित केल्यावर मुलांना फसवल्यासारखं वाटू देऊ नका. एकच विचारा: ‘वय काढायला आपल्याला काय माहीत हवं होतं?’ आणि त्यानंतर महिन्यातून एखादं असं गणित मधेच पेरत जा, ज्यात माहिती अपुरी आहे किंवा जास्तीची आहे.

पाचवी पायरी: आपलंच म्हणणं खोडून बघायला शिकवणं

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये लंडनमध्ये प्रौढांवर केलेला एक प्रयोग पाचवीच्या वर्गात खेळ म्हणून उत्तम चालतो. फळ्यावर लिहा: 2, 4, 6. सांगा, ‘हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमाने आलेत. तुम्ही तुमचे तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही एवढंच मी सांगीन. खात्री झाली की नियम सांगायचा.’

मुलं म्हणतात 8, 10, 12. बसतात. 20, 22, 24. बसतात. ‘बाई, दोन-दोनाने वाढतात!’ तुम्ही सांगता, हा माझा नियम नाही. वर्ग चक्रावतो. नियम फक्त एवढाच आहे की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. तो सापडतो तेव्हाच, जेव्हा कुणीतरी 1, 2, 50 असं आपल्या समजुतीत न बसणारं काहीतरी विचारतं. आपल्याला पटलेल्या गोष्टीच्या बाजूची उदाहरणं कितीही जमवली तरी ती खरी ठरत नाही, आणि विरुद्ध जाणारं एक उदाहरण पुष्कळ काही सांगून जातं. हे मुलांना शब्दांत सांगण्याची गरज पडत नाही. खेळ संपल्यावर ‘नियम कुणाच्या आकड्यांमुळे सापडला?’ एवढंच विचारा.

एक पूर्ण तास: बादली, कलिंगड, द्राक्षं

आता या सगळ्या पायऱ्या एका तासात कशा बसतात ते बघू. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात दोन्ही फळं असतात. लागतं ते असं: पाण्याने भरलेलं मोठं घमेलं किंवा टब, एक लहान कलिंगड, मूठभर द्राक्षं, एक बटाटा, लाकडाचा ठोकळा, खिळा.

आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, कारणासह. लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर प्रयोग झाल्यावर सगळ्यांनाच आधीपासून माहीत असतं. जवळजवळ सगळा वर्ग लिहितो: कलिंगड बुडेल, कारण जड आहे, द्राक्ष तरंगेल, कारण हलकं आहे. शेजाऱ्याशी चर्चा करून अंदाज बदलायची मुभा द्या, पण आधीचा खोडायचा नाही, त्याच्याखाली नवा लिहायचा.

मग दोन मुलांनी कलिंगड अलगद पाण्यात सोडायचं. ते तरंगतं. द्राक्ष टाकायचं. ते तळाला जातं. इथे वर्गात आरडाओरडा होतो, होऊ द्या. मुलं उठून पुढे येतात, कलिंगड दाबून खाली ढकलतात आणि ते पुन्हा वर येतं तेव्हा हाताला जोर जाणवतो. प्रत्येकाला एकदा दाबू द्या.

आता सांगायची घाई टाळा. ‘जड ते बुडतं’ हे म्हणणं आता टिकतं का? मग त्याच्या जागी काय म्हणू या? मुलं नवी कारणं काढतात: कलिंगड आत पोकळ आहे, कलिंगड मोठं आहे म्हणून, द्राक्षात पाणी आहे म्हणून. प्रत्येक कारणाला ‘हे तपासायचं कसं?’ पोकळ असेल तर कापून बघू. मोठं म्हणून तरंगत असेल तर मग छोटी फोड बुडायला हवी; टाकून बघू. मोठा दगड का बुडतो? ही मालिका मुलं चालवतात, तुम्ही फक्त वस्तू पुरवायच्या. पाचवी-सहावीत वर्ग ‘आकाराच्या मानाने जड’ या कल्पनेपर्यंत पोचतो आणि सातवी-आठवीत येणाऱ्या घनतेची जमीन तयार होते. तुमच्या माहितीसाठी: कलिंगड जेवढी जागा व्यापतं तेवढ्या पाण्याचं वजन कलिंगडापेक्षा थोडं जास्त भरतं, म्हणून ते तरंगतं. द्राक्षाच्या रसात साखर विरघळलेली असते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यापेक्षा द्राक्ष जड पडतं. तिसरीत एवढं कळलं तरी पुरे, की नुसत्या वजनावरून सांगता येत नाही.

शेवटी ग्लासभर पाण्यात चार-पाच चमचे मीठ विरघळवा, गरज पडली तर आणखी घाला, आणि तेच द्राक्ष टाका. ते वर येतं. का, ते सांगू नका. घरी विचार करायला द्या. मग कलिंगड कापून खा.

लांबचा उपक्रम: 1 जूनचं कोडं

सहावी-सातवीसाठी याच्याइतका उत्तम उपक्रम मला दुसरा माहीत नाही, आणि त्याचं साहित्य प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात आहे: जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. मुलांच्या हातात रजिस्टर देऊ नका आणि कुणाचं नाव, जात वाचून दाखवू नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या पानावरच्या फक्त जन्मतारखा फळ्यावर उतरवा. मग गप्प उभे राहा.

थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, ‘इतक्या जणांचा वाढदिवस 1 जूनलाच कसा?’

पुढचा आठवडा याच प्रश्नाचा. अंदाज फळ्यावर: त्या दिवशी खरंच खूप मुलं जन्मली, लिहिणाऱ्याने चूक केली, सरकारचा तसा आदेश होता, खरी तारीख कुणाला माहीत नव्हती. आता प्रत्येक अंदाजापुढे लिहायचं की तो खरा असेल तर अजून काय दिसायला हवं. खरंच त्या दिवशी जन्म झाले असतील तर 31 मे आणि 2 जूनलाही थोडे दिसायला हवेत. एकाच गुरुजींची सवय असेल तर शेजारच्या गावच्या शाळेत असं नसायला हवं. मामाच्या गावी विचारता येईल. मग मुलांना घरोघरी, आजी-आजोबांकडे पाठवा: ‘तुमचा जन्म कधीचा? तुम्हाला कसं माहीत?’

जी उत्तरं येतात ती ऐकण्यासारखी असतात. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी रांगत होते.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तेव्हाचा.’ पुण्याच्या बाजूला पानशेतच्या पुराचा दाखला येतो. मुलांनी त्या घटनांची साल शोधायची: पानशेत 1961, कोयना 1967, दुष्काळ 1972. मग आजीचं खरं वय आणि कागदावरचं वय ताडून बघायचं. बहुतेक वेळा मेळ बसत नाही, आणि कोडं उलगडतं. घरी जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, प्रवेशाला वय भरायला हवं, म्हणून गुरुजींनी 1 जून लिहून टाकली.

या उपक्रमात मुलं इतिहासाची साधनं, पुरावा आणि त्याची मर्यादा हे सगळं हाताळतात. शाईने लिहिलेलं, शिक्का मारलेलं असलं तरी तपासावं लागतं, आणि न शिकलेल्या आजीची आठवण हाही पुरावा असतो. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक पुढे इतिहासात शिकवताना तुम्हाला नुसतं ‘रजिस्टर आठवा’ म्हणावं लागतं. मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुरालाही हेच तीन प्रश्न लावायला सांगा: हे कोण म्हणतं, त्याला कसं कळलं, खरं असेल तर अजून कुठे दिसायला हवं?

घराशी टक्कर होणारे प्रश्न

विचार करायला लागलेली मुलं नागपंचमीला विचारणारच, ‘बाई, नाग दूध पितो का?’ टाळू नका. विज्ञाननिष्ठ दृष्टी जोपासणं हे संविधानाच्या कलम 51क मध्ये प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. शिक्षकाने त्यात मागे राहायचं कारण नाही. पण ‘तुझी आजी खोटं सांगते’ असा अर्थ मुलाच्या मनात कधीही जाऊ देऊ नका. मुलाला शाळा आणि घर यांत निवड करायला लावली तर ते घर निवडेल, आणि ते योग्यच आहे.

असं करा. दूध कोण पितं याची यादी करू द्या: वासरू, करडू, कुत्र्याचं पिल्लू, बाळ. मग अंड्यातून बाहेर येणाऱ्यांची: कोंबडी, चिमणी, पाल, नाग. कोंबडीची पिल्लं आईचं दूध पितात का? नागाचं खाणं काय? उंदीर शेतात कोण कमी करतं? उत्तर मुलं काढतात. आणि मग ‘नागाला शेतकऱ्याचा मित्र म्हणून मान द्यायचा तर नागपंचमी कशी साजरी करता येईल?’ या प्रश्नावर पुन्हा ढीग आणि निवड. आजीच्या श्रद्धेतला आदर तसाच राहतो. मूल घरी जाऊन भांडत नाही, सांगत बसतं.

दोन शिक्षकी शाळेत हे जमतं का?

60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे अनेक ठिकाणी एका खोलीत दोन-तीन इयत्ता. अशा वर्गात हे उलट जास्त जमतं. कलिंगडाचा प्रयोग सगळ्यांना एकत्र दाखवा. पहिली-दुसरीने चित्र काढायचं, तिसरीने अंदाज लिहायचा, चौथीने कारण. मोठ्या मुलांना धाकट्यांचे प्रश्न गोळा करायचं काम द्या. ‘कशावरून?’ चौथीच्या मुलाने दुसरीच्या मुलाला विचारलं की त्याला स्वतःलाही त्याचं उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात करताना सगळं एकदम नको. पहिला आठवडा फक्त थांबायचा सराव करा. दुसऱ्या आठवड्यात रोज एक प्रश्न बदला. तिसऱ्यात ‘कशावरून’ आणा. मुलं सुरुवातीला गोंधळतात, ‘बाई, बरोबर उत्तर कोणतं ते सांगा ना’ असा तगादा लावतात. पुस्तकातली माहिती, व्याख्या, पाढे हे सगळं सांगायचंच आहे आणि पाठही करून घ्यायचं आहे. डोक्यात काही नसेल तर विचार कशाचा करणार? खुराड्याचं गणित बारापर्यंतचे पाढे येणाऱ्या मुलालाच खेळता येतं.

नोंदी आणि वही

2010 पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी आहेत. त्या बहुतेक वेळा ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो’ अशा छापाच्या असतात. तिथेच हे काम नोंदवा, पण घडलेलं लिहा: ‘दगडाचं उदाहरण देऊन मोठी वस्तू तरंगते हे मित्राचं म्हणणं खोडलं.’ ‘चिमणीच्या चर्चेत कारण पटल्यावर बाजू बदलली.’ ‘1 जूनचा अंदाज तपासायला मामाच्या गावी फोन करून विचारलं.’ दिवसाला दोन मुलांबद्दल एकेक ओळ लिहिली तरी महिन्याभरात तीस-पस्तीसचा वर्ग होतो. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला या ओळीतून मूल दिसतं. घटक चाचणीतही पाचातला एक प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर शिकवलेलं नाही आणि ज्यात गुण कारणाला आहेत. परीक्षेत विचारलं जात नाही ते महत्त्वाचं नाही, हे मुलं आणि पालक दोघंही ओळखून असतात.

पालक विचारतात, ‘वही कोरी का दिसते?’ तो प्रश्न रास्त आहे. वही हीच त्यांना शाळेत बघायला मिळणारी खिडकी आहे. म्हणून अशा तासाचं पान ठरवून आखा. वर तारीख, मग चार रकाने: मला आधी काय वाटलं, मी काय पाहिलं, आता मला काय वाटतं, अजून काय विचारायचं आहे. चौथ्या रकान्यावर बरोबर-चूकची खूण करू नका. तिथला प्रश्न वाचा आणि त्याच्याखाली तुमचा एक प्रश्न लिहून वही परत द्या.